सहाशे युरोंचा दंड आणि एक राजीनामा

२२ डिसेंबर २०२२ रोजी स्पेनच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात पारलिंगी व्यक्तींच्या हक्कांचे विधेयक मतदानासाठी आले. बाजूने १८८, विरोधात १५० आणि तटस्थ ७ अशी मते पडली. तटस्थ राहिलेल्यांमध्ये कार्मेन काल्वो होत्या. दीड वर्षापूर्वीपर्यंत त्या देशाच्या पहिल्या उपपंतप्रधान होत्या आणि ज्या समाजवादी पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारने हे विधेयक आणले होते, त्याच पक्षाच्या त्या खासदार होत्या. पक्षादेश डावलला म्हणून पक्षाने त्यांना ६०० युरोंचा दंड केला. त्याच्या दोनच महिने आधी, याच विधेयकावरून, कार्ला आंतोनेली याच पक्षातून बाहेर पडल्या होत्या. स्पेनमध्ये विधिमंडळावर निवडून गेलेल्या त्या पहिल्या पारलिंगी व्यक्ती. हा कायदा भलताच पुढे जातो आहे, असे काल्वो यांचे मत होते. पक्ष जाणूनबुजून मागे रेंगाळतो आहे, अशी आंतोनेलींची तक्रार होती. एकाच पक्षातल्या दोन ज्येष्ठ स्त्रिया पक्षाशी भांडल्या, आणि दोन विरुद्ध दिशांनी भांडल्या.

मी या दोन नावांचा एकत्रच विचार करत आले आहे. पक्षाशी भांडणारा राजकारणी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा तिकीट कापले गेलेला किंवा मंत्रिपद हुकलेला माणूस उभा राहतो. इथे वाद तसल्या गोष्टीचा नव्हता. सरकारी नोंदवहीत एखाद्या माणसाला स्त्री म्हणायचे की पुरुष, हे डॉक्टरने ठरवायचे, न्यायाधीशाने ठरवायचे की त्या माणसाने स्वतः, एवढा आणि इतका मोठा तो प्रश्न होता. माझा कल आंतोनेलींकडे आहे आणि तो लपवण्याचे कारण मला दिसत नाही. तरीही काल्वो यांच्या म्हणण्यात काहीच तथ्य नव्हते असे म्हणून पुढे जाणे मला जमत नाही, कारण त्यांनी जे केले ते उघडपणे, स्वतःच्या नावाने केले. माझा खरा राग या दोघींच्या मधे जे बसले होते, त्यांच्यावर आहे. तो का, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आंतोनेलींचा जन्म १९५९ सालचा, तेनेरीफ बेटावरच्या ग्वीमार या गावचा. म्हणजे त्यांचे बालपण आणि पौगंडावस्था सगळी फ्रांकोच्या हुकूमशाहीत गेली. त्या राजवटीने १९७० साली सामाजिक धोका आणि पुनर्वसन अशा नावाचा एक कायदा केला. समलिंगी व्यक्तीने कुणाचे काही बिघडवले आहे हे सिद्ध करण्याची त्यात गरज नव्हती. ती व्यक्ती धोकादायक आहे असे न्यायाधीशाने ठरवले की तिला डांबून ठेवता येत असे. पारलिंगी स्त्रियांनाही हा कायदा समलिंगी पुरुष म्हणूनच पाहत होता आणि तोच बडगा त्यांच्यावरही चालत होता. बादाखोस आणि उएल्वा येथील तुरुंग या माणसांसाठी राखून ठेवलेले होते. फ्रांको १९७५ साली वारला, लोकशाही आली, १९७८ साली नवी राज्यघटनाही आली. पण समलैंगिकतेचा उल्लेख त्या कायद्यातून निघायला १९७९ उजाडले आणि तो कायदा मुळापासून रद्द व्हायला थेट १९९५.

ज्या मुलीच्या अस्तित्वालाच कायदा धोका म्हणत होता, तिने मोठी होऊन कायदा करण्याच्याच मार्गाला लागावे, याचे मला फार अप्रूप वाटते. कायद्याकडे पाठ फिरवायला तिच्याजवळ पुरेशी कारणे होती. त्याऐवजी १९९७ पासून आंतोनेली समाजवादी पक्षाच्या समलिंगी-पारलिंगी गटात पारलिंगींच्या प्रश्नांचे काम पाहू लागल्या. पेद्रो सेरोलो यांच्यासारखे कार्यकर्ते तेव्हा त्या पक्षात आपली जागा तयार करत होते, आणि रस्त्यावरची चळवळ आणि पक्षाचे कार्यालय यांच्यातले अंतर कमी होऊ शकते, असे वाटावे असा तो काळ होता. २००४ साली सापातेरो यांचे सरकार आले. २००५ साली समलिंगी विवाह कायदेशीर झाला. पारलिंगींना दिलेले वचन मात्र मागे पडले. तेव्हा, २००६ साली, आंतोनेलींनी स्वतःच्याच पक्षाच्या सरकारला बजावले की वचन पाळले नाही तर आपण उपोषणाला बसू. पक्षाशी त्यांचे भांडण २०२२ मध्ये सुरू झाले, असे जे समजतात त्यांच्या हातून ही गोष्ट निसटते. सोळा वर्षांपूर्वीही त्या भांडल्या होत्या, आणि त्या वेळी पक्षाने ऐकले होते. मार्च २००७ मध्ये कायदा झाला.

तो कायदा त्या काळच्या युरोपात पुढचा होता. नाव आणि लिंग यांची नोंद बदलण्यासाठी शस्त्रक्रियेची अट त्याने घातली नाही, आणि हे थोडे नव्हते. पण नोंदणी कार्यालयाच्या टेबलावर काय काय ठेवावे लागत होते, ते जवळून पाहायला हवे. पहिला कागद डॉक्टरचा किंवा मानसशास्त्रज्ञाचा: या व्यक्तीला लिंगभावाबाबत अस्वस्थतेचा विकार आहे, असे निदान. दुसरा कागद उपचारांचा: शरीर मागितलेल्या लिंगाशी जुळवून घेण्यासाठी किमान दोन वर्षे वैद्यकीय उपचार झाले आहेत, असा दाखला. अर्जदार सज्ञान हवा आणि स्पेनचा नागरिक हवा. आता ही दोन वर्षे डोळ्यांसमोर आणून पाहावीत. आवाज बदलतो आहे, चेहरा बदलतो आहे, आणि खिशातले ओळखपत्र मात्र जुन्याच नावाचे आणि जुन्याच फोटोचे आहे. नोकरीच्या मुलाखतीला गेले की ते पुढे करावे लागते. बँकेत गेले की खिडकीपलीकडचा माणूस एकदा कार्डाकडे आणि एकदा तोंडाकडे पाहतो. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या सगळ्यांसमोर परिचारिका जुने नाव मोठ्याने पुकारते, आणि उठून उभे राहावे की बसूनच राहावे, हे त्या क्षणी ठरवावे लागते. कायद्याने पदरात टाकले ते मोठेच होते. पण त्यासाठी आधी स्वतःला आजारी म्हणवून घ्यावे लागत होते. २०१९ साली स्पेनच्या घटनात्मक न्यायालयाने पुरेशी समज असलेल्या अल्पवयीनांनाही हा मार्ग पूर्णपणे बंद ठेवता येणार नाही, असा निकाल दिला, आणि जुना कायदा आता अपुरा पडतो आहे हे सगळ्यांनाच दिसू लागले.

याच मार्च २००७ मधली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पारलिंगींच्या नोंदीचा कायदा १५ मार्चचा आहे. बरोबर एका आठवड्याने, २२ मार्चला, त्याच सरकारने स्त्री-पुरुष समानतेचा मोठा कायदा केला. दोन्ही कायद्यांना क्रमांकही तोच पडला, ३/२००७. कार्मेन काल्वो तेव्हा त्याच मंत्रिमंडळात सांस्कृतिक खात्याच्या मंत्री होत्या. एका हक्काने दुसऱ्याचे काही हिरावले जाते, असा सूर त्या वेळी पक्षाने लावला नव्हता. स्त्रियांचा आणि पारलिंगींचा हक्क एकाच महिन्यात, एकाच पक्षाच्या हातून, शेजारी शेजारी उभे राहिले होते. मग पुढच्या पंधरा वर्षांत असे काय झाले?

काल्वो यांची भूमिका शक्य तितकी त्यांच्या बाजूने मांडण्याचा प्रयत्न करते. त्या राज्यघटनेच्या प्राध्यापक, आणि स्त्रीवादाशी त्यांचे नाते दिखाऊ कधीच नव्हते. ज्या पिढीने घटस्फोटाचा, गर्भपाताचा, समान वेतनाचा हक्क एकेक करून मिळवला, त्या पिढीतल्या त्या. त्यांचे म्हणणे असे की स्त्रियांसाठी केलेले सगळे कायदे, २००४ चा हिंसाचारविरोधी कायदा असो की निवडणुकीच्या याद्यांमध्ये स्त्रियांचे प्रमाण राखणारे नियम असोत, स्त्री कोण या प्रश्नाच्या ठाम उत्तरावर उभे आहेत. ते उत्तर केवळ व्यक्तीच्या इच्छेवर सोपवले तर पाया ढिला होईल. २०२० च्या जूनमध्ये पक्षाने अंतर्गत वापरासाठी एक टिपण तयार केले, त्यात स्वयंघोषणेच्या, म्हणजे आपले लिंग आपणच जाहीर करण्याच्या, कल्पनेविरुद्ध हेच युक्तिवाद होते आणि त्यावर काल्वो यांचीही सही होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांनी ही चिंता जाहीरपणे बोलून दाखवली: लिंगभाव निव्वळ इच्छेने निवडता येऊ लागला, तर उरलेल्या ४ कोटी ७० लाख स्पॅनिश लोकांच्या ओळखीचे निकषच धोक्यात येतील.

स्त्रियांनी कष्टाने मिळवलेले काही हातचे जाईल, ही भीती मला कळते. ज्यांना फार उशिरा मिळाले त्यांना ती वाटणारच. पण ४ कोटी ७० लाखांचा तो आकडा मला पटत नाही. कुणा एका व्यक्तीच्या नोंदवहीतला एक शब्द बदलला, तर माझ्या ओळखीचा कोणता निकष हलतो, हे मी मनाशी पुन्हा पुन्हा तपासून पाहिले आहे. माझे काहीही हलत नाही. आणि ज्या नेमक्या भीती होत्या त्यांना नेमकी उत्तरे देता येतात, तशी ती पुढे कायद्यात दिलीही गेली. पत्नीवर हात उचलणारा पुरुष आपली नोंद बदलून शिक्षेतून सुटेल, अशी शंका काढली जात होती. नोंद बदलण्यापूर्वी जी कायदेशीर जबाबदारी होती ती हिंसाचारविरोधी कायद्याच्या बाबतीत तशीच लागू राहील, असे कलमच कायद्यात घातलेले आहे. शंका काढणे वाईट नाही. शंकेचे उत्तर मिळाल्यावरही ती तशीच पुढे रेटत राहणे मात्र वेगळे असते.

शिवाय या वादात निव्वळ विचारांचा वाद किती आणि घरातली वाटणी किती, हेही पाहायला हवे. २०१८ साली पेद्रो सांचेझ सत्तेवर आले तेव्हा समानता खाते काल्वो यांच्याकडे होते. जानेवारी २०२० मध्ये आघाडी सरकार आले आणि ते खाते सहकारी पक्षाच्या, पोदेमोसच्या, इरेने मोन्तेरो यांच्याकडे गेले. स्त्रीवाद ही आपली कमाई आहे असे मानणाऱ्या समाजवादी पक्षाला तो प्रांत धाकट्या भागीदाराच्या हातात जाताना पाहणे जड गेले असणार. पारलिंगींचा कायदा मोन्तेरो यांच्या खात्यातून आला, आणि त्यामुळे तो आपला की त्यांचा, हा हिशेबही त्याला चिकटला. अशा वेळी ज्यांच्यासाठी कायदा करायचा ते बाजूलाच राहतात आणि श्रेय कुणाचे यावर घासाघीस सुरू होते. मला हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत क्षुद्र भाग वाटतो, आणि दुर्दैवाने सर्वांत परिणामकारकही.

मग चालढकल सुरू झाली. मे २०२१ मध्ये इतर पक्षांनी पारलिंगी हक्कांचा स्वतंत्र प्रस्ताव सभागृहात आणला, तेव्हा समाजवादी पक्ष तटस्थ राहिला आणि प्रस्ताव पडला. जून २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने स्वतःचा मसुदा मान्य केला. जुलैमध्ये फेरबदलात काल्वो मंत्रिमंडळाबाहेर गेल्या आणि पुढे सभागृहाच्या समानता समितीच्या अध्यक्ष झाल्या, म्हणजे हे विधेयक ज्या समितीतून जायचे होते तिच्याच. विधेयक संसदेकडे पाठवायला जून २०२२ उजाडले. त्यानंतर दुरुस्त्या मांडण्याची मुदत वाढवण्याचा खेळ सुरू झाला. हा खेळ बाहेरच्या माणसाच्या लक्षातही येत नाही. विधेयक आले की दुरुस्त्या सुचवायला ठरावीक मुदत असते. ती संपत आली की कुणीतरी वाढवून मागते, बहुमत हो म्हणते, पुन्हा दिवस सरतात, पुन्हा वाढ. कुणी विरोधात भाषण करत नाही. कुणाच्या नावापुढे 'नाही' असे लिहिले जात नाही. घोंगडे भिजत पडते, आणि कुणी भिजवले असे विचारले तर ज्याच्याकडे बोट दाखवावे असा एकही माणूस सापडत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये समाजवादी पक्ष अशाच मुदतवाढीच्या बाजूने उभा राहिला, आणि आंतोनेलींनी पक्ष सोडला.

माझा राग या चालढकलीवर आहे. एखादा हक्क नाकारला गेला तर नाकारणाऱ्याला कारण द्यावे लागते, त्याच्याशी वाद घालता येतो, पुढच्या निवडणुकीत त्याला जाब विचारता येतो. लांबणीवर टाकणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही. तो दोन्हीकडे मान डोलावतो. स्त्रीवाद्यांच्या बैठकीत म्हणतो, आम्ही अजून विचार करतो आहोत, आणि पारलिंगींच्या बैठकीत म्हणतो, आम्ही तुमच्याच बाजूचे आहोत, जरा धीर धरा. धीर कुणी धरायचा? ज्याचे ओळखपत्र त्याच्या चेहऱ्याशी जुळत नाही त्याने. पक्षाला स्वतःच्या घरातले भांडण नको होते, म्हणून त्या भांडणाचा खर्च त्याने घराबाहेर ताटकळत उभ्या असलेल्यांच्या माथी मारला.

पक्ष सोडणे म्हणजे काय, हे ज्यांनी आयुष्यभर पक्षाचे काम केलेले नाही त्यांना कदाचित पुरते कळणार नाही. मी अशी माणसे पाहिली आहेत. त्यांचे मित्र पक्षातले असतात, भांडणे पक्षातली असतात, लग्नाच्या आमंत्रणांची यादी पक्षाच्या सभासदांच्या यादीवरून तयार होते. टीका करायची ती आतल्या बैठकीत आणि बाहेर मात्र पक्षाचीच बाजू सांभाळायची, ही सवय इतकी अंगवळणी पडते की पुढे पुढे आपले खरे मत कोणते, हे त्यांनाही आठवून पाहावे लागते. आंतोनेली २०११ ते २०२१ अशी दहा वर्षे याच पक्षातर्फे माद्रिदच्या प्रादेशिक विधिमंडळात होत्या. २०१६ साली माद्रिदने लिंगभाव ओळखीचा स्वतःचा कायदा केला, तेव्हा त्या सभागृहात होत्या. बाहेर पडताना त्यांनी मागे ठेवले ते हे सगळे.

आणि त्यांच्यापुढे दुसरा मार्गही नव्हता. काल्वो खासदार होत्या. त्यांच्या हातात मत होते, ते त्यांना राखून ठेवता आले आणि त्यातून आपला निषेध नोंदवता आला. आंतोनेली त्या वेळी कोणत्याच सभागृहाच्या सदस्य नव्हत्या. मोडण्यासाठी त्यांच्याकडे पक्षादेश नव्हता, राखून ठेवण्यासाठी मत नव्हते. होते ते फक्त सभासदत्व.

डिसेंबरमध्ये विधेयक समितीत आले तेव्हा समाजवादी पक्षाची एक दुरुस्ती चर्चेत होती. मूळ मसुद्यात वयाच्या पायऱ्या ठरलेल्या होत्या: १६ वर्षांपासून पुढे व्यक्तीने स्वतः अर्ज करायचा, १४ ते १६ या वयात पालकांच्या संमतीने, १२ ते १४ या वयात न्यायालयाच्या परवानगीने. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींनाही न्यायाधीशापुढे उभे करावे, अशी पक्षाची मागणी होती. मुलांच्या बाबतीत सावध राहावे असे वाटणाऱ्या पालकाशी मी कधीही वाद घालणार नाही. उलट त्याच्या काळजीतूनच मुलाला आधार मिळतो. पण इथे पालक संमती द्यायला तयार आहेत, मूल मागते आहे, बदलायची आहे ती नोंदवहीतली ओळ, औषध किंवा शस्त्रक्रिया यांचा या अर्जाशी संबंध नाही. अशा वेळी न्यायाधीश मधे कशाला हवा, याचे समाधानकारक उत्तर मला कुठेही मिळाले नाही. दुरुस्ती टिकली नाही. विधेयक सभागृहात गेले आणि २२ तारखेचे ते मतदान झाले.

आता त्या दंडाबद्दल. स्पेनच्या राज्यघटनेत स्पष्ट म्हटले आहे की संसद सदस्यांवर कुणाच्याही आदेशाचे बंधन नसेल. त्यामुळे पक्षाविरुद्ध मत दिले म्हणून कुणाची खासदारकी जात नाही. पक्षाचा संसदीय गट आपल्या नियमांनुसार दंड करतो आणि विषय संपतो. ६०० युरो ही माजी उपपंतप्रधानांना जाणवावी अशी रक्कम नाही. काल्वो यांच्या मताशी मी सहमत नाही, पण त्यांना दंड व्हावा असे मला वाटले नाही. आयुष्यभर ज्या प्रश्नावर विचार केला, त्याबद्दल पटत नसताना हात वर करायला लावणे आणि नाही केला म्हणून पावती फाडणे, यात पक्षाची शोभा होत नाही. शिवाय त्यांनी विरोधी मत दिले नाही. विधेयक पडू नये इतपत काळजी घेऊन त्यांनी आपले वेगळेपण नोंदवले. ज्यांनी महिनोन्‌महिने मुदती वाढवल्या आणि शेवटी 'हो' म्हणून टाळ्या घेतल्या, त्यांना मात्र एक युरोही दंड झाला नाही.

१६ फेब्रुवारी २०२३ रोजी अंतिम मंजुरी मिळाली, बाजूने १९१ मते पडली, आणि २ मार्चपासून कायदा लागू झाला. आता सोळा वर्षांवरील व्यक्ती नोंदणी कार्यालयात जाते, लेखी निवेदनावर सही करते, तीन महिन्यांच्या आत तिला पुन्हा बोलावले जाते, ती आपली इच्छा कायम असल्याचे सांगते, आणि त्यानंतर नोंद बदलते. निदानाचा कागद नाही, दोन वर्षांच्या उपचारांचा दाखला नाही. समलिंगी-पारलिंगी व्यक्तींना 'बरे करण्याच्या' उपचारांवरही याच कायद्याने बंदी आणली. ज्यांची नोंद स्त्री आणि पुरुष या दोन्ही रकान्यांत बसत नाही त्यांच्यासाठी मात्र त्यात जागा झाली नाही. आणि जखम भरलीही नाही: कायदा लागू झाल्यानंतर आठवडाही उलटला नव्हता, तेव्हा ८ मार्चला माद्रिदमध्ये महिला दिनाचे दोन वेगवेगळे मोर्चे निघाले. ज्या दिवशी सगळ्या एका रस्त्यावर यायच्या, त्या दिवशी कोणत्या मोर्चात जायचे हे कित्येकींना मैत्रिणींशी भांडून ठरवावे लागले असेल. चालढकलीच्या काळात पक्षाने ही चर्चा उघडपणे घडवून आणली असती तर फूट पडलीच नसती, असे मी म्हणत नाही. पण दोन्ही बाजूंना खरे उत्तर वेळेवर मिळाले असते.

पुढची गोष्ट मला अस्वस्थ करते. काल्वो आणि पक्ष यांचे बिनसलेले नीट जुळले. २०२४ साली सरकारने त्यांची राज्य परिषदेच्या, म्हणजे सरकारला कायदेशीर सल्ला देणाऱ्या सर्वोच्च संस्थेच्या, अध्यक्षपदी नेमणूक केली. त्यांची पात्रता निर्विवाद आहे आणि त्या पदाबद्दल मला तक्रार नाही. मात्र कमी हक्क मागणाऱ्या मतभेदाला पक्षात परतीची वाट मोकळी राहिली, आणि जास्त हक्क मागणाऱ्या मतभेदाला घर सोडावे लागले, हे लक्षात आल्यावाचून राहत नाही. आंतोनेली स्वतःहून गेल्या हे खरे. त्यांना थांबवण्यासाठी पक्षाने मुदतवाढीवरचे आपले एक मत बदलायचे होते, आणि त्याने ते बदलले नाही, हेही तितकेच खरे.

२०२३ च्या जुलैमध्ये आंतोनेली मास माद्रिद या पक्षाच्या वतीने सेनेटमध्ये गेल्या आणि देशाच्या पहिल्या पारलिंगी सेनेटर झाल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माद्रिदच्या विधिमंडळातल्या उजव्या बहुमताने २०१६ च्या प्रादेशिक कायद्यातली बरीच कलमे कापली. त्यांनी ज्या सभागृहात दहा वर्षे काढली, तिथेच. उजव्यांकडून हे अपेक्षित होते. अपेक्षित नव्हते ते जुन्या घरातले. नोव्हेंबर २०२४ अखेरीस सेव्हिल येथे समाजवादी पक्षाचे अधिवेशन भरले. तिथे स्त्रियांच्या क्रीडाप्रकारांत पुरुष लिंगाच्या व्यक्तींना भाग घेता येणार नाही, असे सांगणारी दुरुस्ती मंजूर झाली, आणि समलिंगी-पारलिंगी समूहाच्या LGTBIQ+ या संक्षिप्त नावातली शेवटची अक्षरे गाळून पक्षाने ते नाव आखूड केले. पारलिंगी हक्कांचा कायदा करणाऱ्या पक्षाने, तो कायदा अजून पुस्तकात ताजा असताना, हे केले. पक्षाच्या समलिंगी-पारलिंगी धोरणाचे काम पाहणारे व्हिक्टर गुतिएरेझ यांनी आपली नाराजी उघडपणे बोलून दाखवली.

खेळाचा प्रश्न सोपा आहे असे मी म्हणणार नाही. शरीर, वय, स्पर्धेची पातळी आणि खेळाचा प्रकार पाहून त्याचा विचार व्हायला हवा, आणि तो क्रीडा संघटनांना खेळागणिक करावा लागतो. पण अधिवेशनातल्या एका वाक्याने सगळ्यांना एकाच दोरीने बांधणे म्हणजे विचार करणे नव्हे. तरीही या वेळी एक गोष्ट वेगळी घडली, आणि ती मी पक्षाच्या पारड्यात टाकते: हे उघडपणे घडले. मजकूर लिहिला गेला, तो मंजूर झाला, कुणाला तो मान्य नाही हेही कळले. आता त्याच्याविरुद्ध बोलता येते, पुढच्या अधिवेशनात तो रद्द करण्याची मागणी करता येते, आणि ती मागणी करणाऱ्यांना कुणी धीर धरा म्हणून घरी पाठवू शकत नाही.

ज्यांना हा ठराव मान्य नाही त्यांनी पक्षात राहावे की बाहेर पडावे, याचे एकच उत्तर मी देऊ शकत नाही. आंतोनेलींनी २००६ मध्ये आत राहून भांडणे निवडले आणि कायदा मिळवला. २०२२ मध्ये बाहेर पडून भांडणे निवडले आणि चार महिन्यांत तोही कायदा झाला, जरी तो त्यांच्या जाण्यामुळेच झाला असे म्हणता येणार नाही. दोन्ही वेळा त्या बरोबर होत्या, असे मला वाटते. आज त्यांचा नवा पक्ष सांचेझ यांच्या सरकारला साथ देणाऱ्या आघाडीतला आहे, त्यामुळे ज्यांच्यापासून त्या दूर झाल्या, त्यांच्याच सरकारला आधार देणाऱ्या बाजूला त्या सेनेटमध्ये बसतात. आता मात्र त्यांच्या हातात मत आहे, आणि प्रत्येक मतदानात ते त्यांच्या नावापुढे नोंदवले जाते.